घरी नेला की बंद पडणारा चार्जर

दुकानात नीट चालतं आणि घरी नेलं की बंद पडतं, असं गिऱ्हाईक सांगायला लागलं की माझा नवरा म्हणतो, "मंग घर बदला." दरवेळी तोच विनोद आणि दरवेळी हसणारा तो एकटाच. एका चार्जरच्या बाबतीत मात्र त्याचं बोलणं खरं ठरलं. माझ्या हाताखालून आजवर काय काय गेलं त्याचा हिशेब नाही, पण दिवाळीच्या अंकात कामाबद्दल लिहा म्हटल्यावर तोच चार्जर आठवला.

आमचं दुकान दारव्ह्याला, बाजाराच्या रस्त्यावर. पाटीवर नाव नवऱ्याचं. तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला होता, मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. लग्नानंतर त्यानं मला पंख्याचं वाइंडिंग शिकवलं. म्हणजे जळलेली तार उकलून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे त्याच जागी, तितकेच घालायचे. हे काम त्याच्यानं होत नसे. मध्येच कोणाशी बोलायला लागला की वेढे चुकत. मी कोणाशी बोलत नसे. पुढं त्याची नजर कमी झाली तशा बाकीच्या वस्तूही पडद्यामागं माझ्याकडे यायला लागल्या. समोर तो बसे. गिऱ्हाईक त्याला रोग सांगे, तो "पाहतो" म्हणे आणि हात मागं करून वस्तू मला देई. आत कोण बसतं हे कित्येकांना ठाऊक नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. तोंडाचं काम त्याचं, हाताचं माझं.

आधी रेडिओचे एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी लावायचे ठोकळे, येत. मग मोबाइलचे चार्जर ढिगानं यायला लागले. आणि कापसाचं बिनसून आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं, त्या वर्षांत लॅपटॉपचे चार्जर यायला लागले. या दोन्हींचा संबंध आहे. तेव्हा आमच्याकडे स्वतःचा लॅपटॉप फार कोणाजवळ नव्हता. पण कापसाचं काय झालं ते विचारायला बाहेरची माणसं गाडी करून येत, गावोगाव फिरत, आणि त्यांचे चार्जर आमच्याकडच्या लाइनीवर टिकत नसत.

चार्जर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. भिंतीतून येणारा करंट जोराचा असतो. मशीनला लागतो तो सौम्य आणि एकसारखा. वायरीच्या मधला काळा ठोकळा एकाचं दुसरं करून देतो. बल्बला कमी करंट मिळाला तर तो कमी उजेड देतो. पंखा हळू फिरतो. म्हणजे ते मिळेल तेवढ्यात भागवतात. चार्जर भागवत नाही. त्याला आपलं माप पुरं पाहिजे. मागून कमी यायला लागलं की तो जास्त ओढतो, आणि ओढूनही पुरलं नाही की ताटावरून उठून जातो. त्याचा दिवा विझतो.

लावल्यावर थोडा वेळ चालून बंद पडणं, हा माझा आवडता रोग. मेलेली वस्तू सोपी असते, जिथं जळलं तिथं काळं दिसतं. थोडा वेळ जगून मरणारी वस्तू कोडं घालते. तेवढ्या वेळात काय बदललं, हे शोधायचं. बहुतेक वेळा बदललेली असते ती उष्णता. कॉलेजातले एक सर चार्जर उशीखाली घालून झोपत, कारण त्याच्या हिरव्या दिव्यानं त्यांना झोप येत नसे. उशीखाली ठोकळा तापे आणि बंद पडे. मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. त्यांनी विचारलं, एवढंच? मी आतून म्हटलं, एवढंच. बियाण्याच्या एका दुकानातला चार्जर उघडला तर आत मुंग्यांचं घर. ठोकळा गरम झाला की त्या अंडी उचलून निघत आणि नको तिथं पाय देऊन जळत. तो साफ करताना मला त्या मुंग्यांची गंमत वाटत होती. इतकी मोठी दुकानाची जागा, बियाण्याची पोती, आणि राहायला मिळालं ते असं घर.

आता त्या मुलीची गोष्ट.

तिचं नाव संघमित्रा, घरी मित्रा म्हणत. दारव्ह्याहून जीपनं जायच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वायरिंग कोणाचं होतं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळेल. एक बाहेरची संस्था कापूसवाल्या घरांतल्या बायकांचं बोलणं टेप करत होती. ते जसंच्या तसं टाइप करून पाहिजे असे. टाइप करायला आपल्याच भागातली मुलगी लागे, कारण आपल्या बायकांचं निम्मं बोलणं बाहेरच्यांना कळत नसे. मित्रा बी.ए. झालेली, टायपिंग शिकलेली. तिला लॅपटॉप देऊन ठेवला होता. काम घरीच करायचं. टेपमधलं बोलणं दुसऱ्या कोणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी अट होती. बाप घरी बसून, आई दुसऱ्याच्या वावरात जाणारी. घरात ठरून येणारा पगार तिचा एकटीचा.

पहिल्यांदा आली तेव्हा मी पडद्यामागून ऐकत होते.

"भाऊ, हा चार्जर लावला की थोडा येळ चालते अन् मंग बंद पडते."

"कुठी लावता?" नवऱ्यानं विचारलं.

"घरीच तं लावते ना. सकायी बरा चालते, मंग नाई चालत."

"मंग घर बदला," नवरा म्हणाला आणि हसला.

ती हसली नाही. त्यानं हात मागं केला, चार्जर माझ्याकडे आला. मशीनमध्ये घालायच्या पिनेजवळ वायर वाकून वाकून आत तुटायला आलेली होती. ही नेहमीची जागा. तापली की तोंड उघडते. मी तेवढा तुकडा कापून वायर पुन्हा जोडून दिली. सकाळी बरा चालतो, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मी सोडून दिलं. तुटकी वायर हातात सापडली की कानानं ऐकलेलं माणूस विसरतं.

आठवड्याच्या बाजाराला ती पुन्हा आली. तेच दुखणं. या वेळी मी ठोकळा फोडला. आतला एक कंडेन्सर डोक्यावर जरा फुगलेला दिसला. कंडेन्सर म्हणजे रांजण समजा, करंट भरून ठेवतो आणि लागेल तसा सोडतो. तो बदलला. तिचं मशीन लावून तासभर चालवून पाहिलं आणि दिलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा हातात दोन चार्जर होते. एक माझ्या हातचा, दुसरा कोरा, संस्थेच्या मॅडमनी यवतमाळहून पाठवलेला.

"हा नवा हाय, भाऊ. हाही बंद पडते," ती म्हणाली. "मॅडम म्हणते, तुझ्या घरी चार्जर काय उंदरं खातात? आता तिसरा नाई देणार म्हणे. सोमवारी मशीन वापस आण म्हणते. यवतमाळची दुसरी पोट्टी पाहून ठेवली हाय त्यायनं."

नवऱ्याला घर बदलायचं सुचलं नाही. मी पडदा सारला.

"दोन्ही इकडे दे."

ती बघतच राहिली. "मावशी, तुम्ही करता होय दुरुस्ती?"

"नाई तं भूत करते का?"

तिला आत बसवलं. आधी जुना लावला, मग नवा. मशीन चालू, बॅटरी रिकामी, म्हणजे चार्जरवर पुरा ताण. दुपार सरली. नवऱ्यानं दोनदा चहा आणला. दोन्ही चार्जर बैलासारखे चालत राहिले. मित्रा एकदा दिव्याकडे पाही, एकदा माझ्याकडे.

"मी खोटं नाई बोलून राह्यली, मावशी."

"खोटं कोण म्हणते तुले? चार्जर दोन अन् रोग एक. म्हणजे रोग चार्जरचा नाई. उद्या येते तुह्या घरी."

घरी नवरा म्हणाला, "एका चार्जरसाठी गावाले जाते? लोक हसतील."

"तुम्हीच तं म्हणता, घर बदला. कोणतं बदलायचं ते पाहून येते."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पिशवीत मीटर, टेस्टर आणि पेचकस घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसले. उन्हाळा तापला होता. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन वावरं रिकामी पडली होती आणि काळ्या मातीला पाऊल जाईल अशा भेगा पडल्या होत्या. आमची काळी माती पावसात पायातून सुटत नाही आणि उन्हाळ्यात स्वतःपासूनच सुटते. हे तेव्हा मी जीपमधून नुसतं पाहिलं. त्याचा चार्जरशी संबंध असेल असं मनातही नव्हतं.

घर विटांचं, वर टिनाचे पत्रे. अंगणात पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग. छपरीत बाजेवर मित्राचा बाप देवाजी बसलेला. त्यानं नुसती मान हलवली. तो पूर्वी लाइनीच्या कामावर रोजीनं जात असे, खांबावर चढणाऱ्यांच्या हाताखाली. पुढं त्याला कामावरून बंद केलं. तेव्हापासून लाइनीच्या ऑफिसच्या दारात पाय ठेवणार नाही, अशी त्यानं शपथ घेतली होती. हे मित्रानं जीपमधून उतरल्यावर चालता चालता सांगितलं होतं.

आई सुभद्राबाई माझ्यासाठी घरी राहिली होती. तिनं चहा दिला आणि कप देताच स्वतःचे हात चोळायला लागली.

"हाताले मुंग्या येतात वो बाई. सकायी धुनं वायू घालते तवा लय येतात. यंदा तं जास्तच. डाक्तर म्हने कमजोरी हाय. लाल दवाई देल्ली."

"जेवता का बरोबर?" मी विचारलं.

"जेवते ना."

"मंग घ्या दवाई," मी म्हटलं आणि कप खाली ठेवला. माझं लक्ष भिंतीवरच्या बोर्डाकडे होतं.

बुद्धाच्या फोटोखाली टेबल, टेबलावर मशीन. मी बाकीचं सगळं बंद करायला लावलं आणि प्लगच्या भोकांत मीटर लावला. काटा जिथं पाहिजे तिथं. लाइन भरपूर. मित्राचं तोंड उतरलं, कारण लाइनीतही दोष निघाला नाही तर दोष तिचाच ठरणार होता.

"आता चार्जर लाव," मी म्हटलं.

तिनं शेजारच्या प्लगात लावला. हिरवा दिवा लागला. मीटर मी तसाच धरून ठेवला होता. काटा एकदम खाली आला, थांबला, आणि मग हळूहळू आणखी उतरायला लागला. आम्ही दोघी वाकून पाहत होतो. काटा उतरत गेला, चार्जर आत टिकटिक करायला लागला, दिवा लुकलुकला आणि विझला. विझताच काटा उडी मारून पुन्हा वर.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. असं मी आधी पाहिलं नव्हतं. काही मागितलं नाही तोवर लाइन भरपूर, मागितलं की हात आखडता. अशी माणसं मी बरीच पाहिली होती, प्लग पाहिला नव्हता.

करंट एका तारेनं येतो आणि दुसरीनं परत जातो. परत जायला वाट नसेल तर तो येतही नाही. वाट असेल पण अरुंद असेल, तर थोडा जाईल, जास्त जाणार नाही. म्हणजे कुठंतरी वाट अरुंद होती. मी बाहेर जाऊन खांबाकडे पाहिलं. खांबावरून घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक नीट होती. दुसरीचं टोक खांबाजवळ नुसतं लोंबत होतं.

"ही परतीची तार तुटली हाय. मंग तुमचा करंट परत जाते कुठून?"

"वाऱ्या-वादयात तुटली होती," मित्रा म्हणाली. "बाबांनं दुसरी सोय केली."

बोर्डातून एक काळी वायर खिडकीबाहेर निघाली होती. भिंतीच्या कडेनं ती घरामागं न्हाणीपाशी गेली होती. न्हाणी म्हणजे चार फरशा आणि आडोशाला तट्टा. तिथं माणसाच्या उंचीचा लोखंडी गज जमिनीत ठोकलेला आणि वायर त्याला गुंडाळलेली. काम सुबक होतं. वेढे एकाशेजारी एक, वर रबराची पट्टी. ज्यानं केलं त्याचा हात चांगला होता.

हा प्रकार आमच्या भागात नवा नाही. परतीची तार गेली, लाइनमन लवकर आला नाही किंवा त्याला बोलवायचं नसलं, की गज ठोकायचा आणि करंट जमिनीत सोडायचा. जमीनही त्याला परत नेते, पण ओली असेल तर. म्हणून लोक न्हाणीजवळची जागा धरतात. पावसाळाभर छान चालतं. उन्हाळ्यात काळी माती आकसते आणि गजापासून सुटते. गजाला चिकटून उरलेली थोडी ओलही करंट जायला लागला की तापून आटते. मी खाली बसून पाहिलं. गजाभोवती बोट जाईल एवढी फट होती.

"एक बादली पाणी आण."

मित्रानं आणलं, मी गजाच्या बुडाशी ओतलं. फट पाणी पिऊन गेली. आत जाऊन चार्जर लावला. दिवा लागला आणि काटा वरच राहिला. जरा वेळानंही वरच.

मित्रानं तोंडावर हात घेतला. "मावशी वो! माय धुनं धुते तवाच हा चालते! म्हणूनच सकायी बरा चालते!"

"हाव."

"म्हणजे मशीन मह्यामुळे नाई बिघडलं!"

"तुह्यामुळे कायले बिघडन?"

ती आईला हाक मारत बाहेर पळाली आणि लगेच परत आली. "मंग सोपं हाय. बादली भरून ठेवते जवळ. बंद पडला की टाकलं पाणी. सोमवारी मॅडमले सांगते, चार्जर एकदम चांगला हाय!"

ती हसली तेव्हा तिच्या पुढच्या दातात फट आहे हे मला दिसलं. तोवर ती माझ्यासमोर हसलीच नव्हती. तिची नोकरी वाचली होती. मलाही वाटलं, झालं काम, आता जीप पकडावी. पण काटा पुन्हा उतरायला लागला होता. पाणी किती लवकर मुरतं ते पाहावं म्हणून मी घरामागं गेले.

तिथं मघाशी दिसलं नव्हतं ते दिसलं. मघाशी मी गजाच्या बुडाकडे पाहत होते, आता उभी राहून वरच्या टोकाकडे पाहिलं. त्या टोकाला एक तार बांधलेली होती. ती अंगणावरून जाऊन पलीकडे गोठ्याच्या लाकडी खांबाला अडकवलेली. तारेवर दोन चिमटे.

धुणं वाळत घालायची तार.

दुरुस्ती करणाऱ्यानं एक प्रश्न कधी सोडू नये. कमी पडलं ते गेलं कुठं? काही गायब होत नसतं. प्लगला जेवढं कमी मिळत होतं, तेवढं दुसरीकडे कुठंतरी उभं असणार. जमीन आत घेत नव्हती म्हणजे ते गजावर उभं होतं. आणि गजावर म्हणजे तारेवर. मी टेस्टर काढला, तारेला लावला आणि हातानं सावली करून पाहिलं. दिवा लागला होता.

न्हाणीपाशी आमची गडबड म्हणून त्या दिवशी धुणं हापशीवर नेलेली सुभद्राबाई त्याच वेळी परत आली. अनवाणी. खांद्यावर पिळलेलं ओलं लुगडं, हातही ओले. मी ओतलेल्या पाण्याच्या चिखलात तिनं पाय ठेवला आणि लुगडं टाकायला हात वर केला.

"हात लावू नका! मांगं व्हा!" मी ओरडले.

ती दचकली आणि मागं सरली. मग तिला राग आला. "व माय! माह्याच अंगनात मलेच हात लावू नको म्हनते! कोन होय वो तुम्ही?"

"मित्रा, चार्जर काढ! सगळे बटन बंद कर!"

आतून चार खटके ऐकू आले. मित्रा दारात येऊन उभी राहिली आणि मान हलवून झालं म्हणाली. ओरडणं ऐकून देवाजी बाजेवरून उठून आला.

"काय झालं? काहून बोंबलता?"

"ही तार गजाले कोणं बांधली?"

"म्या. काहून? इतके वरसं झाले, कोणाले काही नाई झालं. लाइनीवर काम केलं म्या. मले नका शिकवू."

"शिकवत नाई. मुंग्या कोणाले येतात, तेवढं सांगा."

"कायच्या मुंग्या?"

"मले येतात," सुभद्राबाई म्हणाली. तिनं लुगडं खांद्यावरून काढून हातात घेतलं. माझ्या हातातल्या टेस्टरकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. ती शाळेत गेलेली नव्हती, पण तिला कोणी न सांगता पुरं कळलं. ती नवऱ्याकडे वळली. "कवाच्या येतात. तुमाले सांगतलं तं तुम्ही म्हने दवाई घे."

देवाजीनं गजाकडे पाहिलं. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. खांबाखाली उभं राहून त्यानं दुसऱ्यांना करंट लागलेला पाहिला असणार. पण मान खाली घालणं त्याला जमत नव्हतं.

"हलका असते तो," तो म्हणाला. "त्याच्यानं माणूस मरत नाई."

"मंग लावा हात," सुभद्राबाई म्हणाली.

"काय?"

"चपला काढा, अठी चिखलात उभे राहा, अन् लावा. मी रोज लावते तसा."

त्यानं चपला काढल्या. चिखलात उभा राहिला. हात वर केला. मित्रा दारातून काही बोलणार होती, मी तिच्याकडे पाहिलं तशी ती थांबली. बटनं बंद होती. तार मेलेली होती. लुगड्यासारखी हातात धरली असती तरी काही झालं नसतं. हे मला ठाऊक होतं, मित्राला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

त्याचा हात तारेच्या वीतभर खाली जाऊन थांबला. तिथंच राहिला. मग त्यानं हात खाली घेतला, चपला घातल्या, घरात गेला आणि मेन स्विच पाडला. बाहेर येऊन पकडीनं काळी वायर गजापासून सोडवली. सुभद्राबाईनं लुगडं पऱ्हाट्यांच्या ढिगावर पसरलं.

मित्रा हळूच म्हणाली, "बाबा, आता मशीन कशावर चालवू? सोमवारी वापस द्यावं लागन."

"मले ठाऊक नाई," तो म्हणाला आणि छपरीत जाऊन बसला.

मी तरी काय सांगणार होते? दुकानात येऊन बस म्हणावं तर टेपची अट. गज पुन्हा जोड म्हणावं तर सुभद्राबाई. खांबावरची तार जोडली की सगळं सुटत होतं, आणि ते सांगायला लाइनीच्या ऑफिसात जायचं ते देवाजीनंच, कारण मीटर त्याच्या नावावर. ते मी एकदा बोलून दाखवलं. दुसऱ्यांदा बोलायची माझी पद्धत नाही.

जीप भरेपर्यंत मी आत बसून होते. निघता निघता मागच्या बाकावर कोणी चढलं. वळून पाहिलं तर देवाजी. धुतलेला सदरा घातला होता. सगळी वाट त्यानं बाहेर पाहत काढली. दारव्ह्याला उतरल्यावर मी बाजाराकडे वळले, तो लाइनीच्या ऑफिसकडे गेला. मी मागं पाहिलं. तो जरा थांबला, मग चालायला लागला.

पुढचं मित्रानं येऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी लाइनमन गावात आला. निघाला देवाजीचाच जुना सोबती. खांबावर चढला, तार ओढून बांधली, उतरला. एक बिडी संपायला लागेल तेवढं काम.

"सांगतलं काहून नाई बे, देव्या?" खाली उतरून त्यानं विचारलं म्हणे. "मी काय मेलतो?"

देवाजी म्हणाला, "चहा घे."

सोमवारी मित्रा मशीन घेऊन यवतमाळला गेली, पण परत द्यायला नाही. तोवर दिलेल्या सगळ्या टेप टाइप झालेल्या दाखवल्या. मॅडमनी विचारलं, चार्जरला काय झालं होतं? ती म्हणाली, काही नाही, घर दुरुस्त केलं. मॅडमना समजलं नाही. ते काम संपेपर्यंत मशीन तिच्याकडेच राहिलं. घर दुरुस्त केल्याचं मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हापासून तो आपला विनोद आणखी मोठ्यानं करतो.

सुभद्राबाईच्या हाताच्या मुंग्या थांबल्या. एकदा बाजारात भेटली तर दोन बायकांना सांगत होती, "लाल दवाई लय चांगली होती वो. येळ लागला, पन लागू पडली." मी ऐकून पुढं गेले. तिला खरं ठाऊक होतं. पण नवऱ्यानं अंगणात करंट सोडला होता, हे बाजारात कोण सांगेल?

त्या गावात असे आणखी किती गज होते, मी पाहिले नाहीत. देवाजीनं काही घरांत जाऊन सांगितलं असं कळलं. काहींनी काढले. काही म्हणाले, आमच्याकडे कोणाले मुंग्या येत नाईत. तेव्हा मी स्वतः घरोघर फिरायला पाहिजे होतं. दुकानात काम होतं, हे मी मला सांगितलेलं कारण.

आता डोळे थकलेत. वाइंडिंग सोडलं, चार्जर तेवढे अजून पाहते. पडदाही काढून टाकला. लावल्यावर थोड्या वेळानं बंद पडतो, असं कोणी म्हटलं की मी चार्जर हातात घ्यायच्या आधी एकच विचारते, "घरी धुणं कशावर वायू घालता?" लोक एकमेकांकडे पाहतात. एकजण तर नवऱ्याला हळूच म्हणाला, मावशीचं वय झालं का हो? हसू दे. उत्तर मिळेपर्यंत मी ठोकळा उघडत नाही. गच्चीवर, दोरीवर, दांडीवर, असं कोणी सांगितलं की मग उघडते.

परवा उमरखेडकडून इथं राहायला आलेला एक माणूस आला. नवाच चार्जर, तेच दुखणं. मी विचारलं. तो म्हणाला, "तारेवर घालतो. न्हाणीजवळ एक पाइप गाडला हाय, त्याले बांधली हाय तार. काहून?"

मी नवऱ्याला म्हटलं, दुकान पाहा. आणि चपला घातल्या.